ऑस्ट्रेलियाला पाठवणारे खूप झाले, तिथं राहायचं कसं ते कुणी सांगत नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी बेळगावजवळच्या येळ्ळूरची, गेल्या वर्षी ऑगस्टात वर्किंग हॉलिडेवर, म्हणजे फिरायची आणि सोबत काम करायची परवानगी देणाऱ्या व्हिसावर, ऑस्ट्रेलियाला गेले होते आणि यंदा मे महिन्यात भावाच्या लग्नासाठी परत आले. आल्यापासून बघतेय, बेळगावात चौकाचौकात बॅनर लागलेत, ऑस्ट्रेलियात एक वर्ष कमवा आणि फिरा, व्हिसाची गॅरंटी, आजच भेटा. माझ्या आत्याच्या मुलानं अशाच एका एजंटाकडे दीड लाख रुपये ॲडव्हान्स भरलेत, आणि तो आमच्या घरी पेढे घेऊन आला तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला, म्हणून हे पत्र लिहितेय. पत्र लांबलं तर कापू नका प्लीज, पाहिजे तर दोन भागात छापा.

आधी गॅरंटीचं सांगते. हा व्हिसा, ४६२ नंबरचा, आपल्याला २०२४ पासून मिळायला लागला, दोन्ही देशांत जो व्यापार करार झाला त्यातून, आणि वर्षाला जागा फक्त १,०००, अख्ख्या भारताला. त्यासाठी बॅलट असतो, म्हणजे कॉम्प्युटरची सोडत, नाव नोंदवायची फी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर, पासपोर्ट आणि पॅन कार्ड लागतं आणि एका माणसाची एकच नोंदणी होते. वय १८ ते ३०. सोडतीत नाव आलं तर मेल येतो आणि २८ दिवसांत खरा अर्ज भरायचा, त्याची फी माझ्या वेळेला ६५० डॉलर होती, बारावीनंतर किमान दोन वर्षं शिकलेलं पाहिजे, इंग्लिशची परीक्षा, आणि खात्यावर तिकिटाचे पैसे सोडून ५,००० डॉलर दाखवायचे, म्हणजे तेव्हाचे आपले पावणेतीन लाखाच्या आसपास. मी हे सगळं घरी बसून मोबाईलवर केलं, पीडीएफ तेवढ्या ऑफिसमधल्या स्कॅनरवर काढल्या. सोडतीत गॅरंटी कोण देणार? जो देतो त्याच्याकडे ती नसते. नंबर लागला तर म्हणणार आम्ही लावला, नाही लागला तर पुढच्या वर्षी बघू, ॲडव्हान्स जमा राहील.

पण संपादक साहेब, फसवणुकीपेक्षाही मला दुसरी गोष्ट जास्त लागते. ही मंडळी विमानात बसवेपर्यंतचं सगळं सांगतात, तिथं उतरल्यावर पहिले दीड-दोन महिने कसे काढायचे ते एक अक्षर सांगत नाहीत, आणि खरं सगळं तिथंच असतं. त्या दोन महिन्यांत माझ्याबरोबरच्या दोन मुली परत आल्या, दोघीही माझ्यापेक्षा हुशार होत्या, कामाला वाघ होत्या, पण रूम आणि पगार या दोन गोष्टींनी त्यांचा जीव मेटाकुटीला आणला.

माझंच सांगते. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बेंगळुरू, तिथून सिंगापूर, मग मेलबर्न. आईनं अर्धा किलो कुंदा दिला होता, पापड, शेंगदाण्याची चटणी आणि घरचं तिखट. विमानात एक कार्ड भरून घेतात, खायचं काय काय आणलंय ते खरं लिहायचं. मी सगळं लिहिलं. ऑफिसरनं पिशवी उघडली, चटणी हुंगली, पापड परत ठेवले आणि कुंद्याचा डबा हातात घेऊन विचारलं यात दूध आहे का. आपल्याकडच्या जनावरांना लाळ्या-खुरकूत होतो म्हणून भारतातून दुधाचं काहीही आत नेता येत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं माझ्यासमोर तो डबा पिवळ्या बिनमध्ये टाकला. लिहिलेलं होतं म्हणून दंड नाही झाला, माझ्या मागच्या माणसानं लिहिलं नव्हतं, त्याला बाजूला घेतलं. तो कुंदा आईनं पहाटे उठून स्वतः आटवलेला होता. एअरपोर्टच्या बाहेर थंडीत उभी राहिले आणि घरी फोन लावायचा तर काय सांगू हेच सुचेना. म्हणून सांगते, कुंदा, पेढे, मांडे, तूप काही देऊ नका पोरांना, चटणी-पापड द्या आणि कार्डावर लिहायला सांगा.

रूम मी इथूनच नेटवर ठरवली होती, फोटो छान होते, बॉन्ड म्हणून, म्हणजे डिपॉझिट, ६०० डॉलर पाठवले होते. त्या पत्त्यावर गेले तर दार एका म्हाताऱ्या बाईनं उघडलं, ती तिथं ३० वर्षं राहतेय, रूम-बिम काही नाही. तिनं मला आत बसवून चहा दिला, तिचे उपकार मी विसरणार नाही, पण ६०० डॉलर गेले ते गेलेच. नंतर कळलं की व्हिक्टोरिया राज्यात बॉन्ड घेणाऱ्यानं तो १० कामाच्या दिवसांत सरकारच्या बॉन्ड अथॉरिटीकडे भरायचा असतो, आपल्याला त्याची पावती येते, आणि रूम डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक डॉलर द्यायचा नाही. पहिले आठ-दहा दिवस हॉस्टेलमध्ये काढायचे आणि तिथून पायी फिरून रूम बघायची, हे एवढं एक वाक्य मला इथं कुणी सांगितलं असतं तर माझे ३० हजारांच्या वर रुपये वाचले असते.

गणपतीच्या आदल्या रात्री मी आठ जणींच्या डॉर्मिटरीत वरच्या बंकवर होते. आमच्या घरी गणपती बसतो, गल्लीत ढोल वाजतात, भाताची शेतं हिरवीगार असतात, राजहंसगडावर धुकं उतरलेलं असतं, आणि आई व्हिडीओ कॉलवर म्हणते काय गे, जेवलीस काय, आवाज का बसलाय. सांगितलं थंडीनं बसलाय. दुसऱ्या दिवशी मराठी मंडळाच्या गणपतीला गेले, कुणाला ओळखत नव्हते, आरतीला टाळ्या वाजवत मागं उभी राहिले, आणि प्रसाद वाटणाऱ्या काकूंनी माझं बोलणं ऐकून विचारलं तू बेळगावची काय गे? त्या निपाणीच्या. त्यांच्या ओळखीनं मला रूम मिळाली, चार मुलींचं शेअर हाऊस. म्हणून म्हणते, गेल्याच्या पहिल्या आठवड्यात आपली माणसं शोधा, लाजू नका, मराठी मंडळ असो नाहीतर कन्नड कूट, म्हणजे कन्नड लोकांचं मंडळ, असो.

कन्नड कूट मुद्दाम लिहिलं. त्या शेअर हाऊसमध्ये एक हुबळीची मुलगी होती आणि सगळ्यात जास्त जीव तिच्यावरच लागला. मी मराठी शाळेत शिकले, कन्नड भाषा शाळेत सक्तीची म्हणून आणि बाजारात गरजेची म्हणून आली, इथं आमच्या गावात भाषेवरून काय काय झालंय ते तुम्हाला मी सांगायला नको, १९५६ पासूनचं दुखणं आहे, माझ्या आजोबांनी त्यासाठी लाठ्या खाल्ल्यात आणि मी ते कधी विसरणार नाही. पण तिथं रात्री अकराला दोघी कामावरून आलो की ती मला कन्नडमधून म्हणायची ऊट आयता, म्हणजे जेवण झालं काय, आणि मी भाकरी थापायचे, ती एण्णेगाई, म्हणजे भरली वांगी, करायची. तिच्या डोळ्यांत मी कधी परकी नव्हते. आपल्या सीमाभागातल्या पोरांना दोन-तीन भाषांत जगायची सवय लहानपणापासून लागलेली असते, कुठल्या खिडकीवर कुठली भाषा काढायची हे अंगात मुरलेलं असतं, आणि परदेशात ही सवय फार कामाला येते असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्या-मुंबईच्या पोरींपेक्षा आम्ही दोघी लवकर रुळलो.

घर लागल्यावर बारीकसारीक गोष्टी असतात. पहिल्याच दिवशी मी आमटीला फोडणी घातली आणि छतावरचा स्मोक अलार्म असा कोकलायला लागला की शेजारचा माणूस धावत आला. मग हुबळीवालीनं शिकवलं, खिडकी उघडायची, एक्झॉस्ट लावायचा, मग मोहरी टाकायची. कचऱ्याच्या दोन-तीन बिन असतात, झाकणांच्या रंगावरून काय कशात ते ठरतं, आदल्या रात्री रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायची. दुकानं संध्याकाळी पाच-साडेपाचला बंद होतात, सुपरमार्केट तेवढं उघडं. ज्वारीचं पीठ इंडियन शॉपमध्ये मिळतं पण शिळं असतं, भाकरी तुटते, गरम पाण्यात उकड काढून थापली की जमते. आईशी बोलायची वेळ बदलते, ऑक्टोबरात तिथली घड्याळं एक तास पुढं जातात, मग साडेचारचा फरक साडेपाच तासांचा होतो, आई जेवणखाण आवरून आठला फोन करायची तेव्हा माझ्याकडं रात्रीचा दीड वाजलेला असायचा. आम्ही मग तिच्या दुपारच्या चहाची वेळ ठरवली.

आता पगाराचं, हे नीट वाचा. पहिलं काम एका कॅफेच्या किचनमध्ये मिळालं, भांडी आणि भाजी चिरणं. दोन दिवस ट्रायल म्हणून फुकट राबवलं, मग तासाला १५ डॉलर, रोख, पावती नाही. मला १५ डॉलर म्हणजे साडेआठशेच्या आसपास रुपये तासाला, बापरे केवढे वाटले, इथं उद्यमबागेत मी अकाउंट्सला होते तिथं दिवसभराला तेवढे पडत नव्हते. हीच चूक सगळे करतात, रुपयांत गुणाकार करून बघतात. तिथं त्या वेळी कायद्यानं कमीत कमी पगार तासाला २४.९५ डॉलर होता, आणि आमच्यासारख्या कॅज्युअल, म्हणजे कायम नसलेल्या, कामगाराला त्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे ३१ डॉलरच्या वर. आठवड्याला खोलीचं भाडंच २०० डॉलर जायचं. म्हणजे मी अर्ध्या पगारावर राबत होते आणि वर मालकाचे आभार मानत होते.

आमच्या घरी आई कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहिते, तारखेच्या चौकोनात एक लिटर, दीड लिटर, खाडा असला तर फुली. मी पण सवयीनं तसंच एका कॅलेंडरवर माझे तास लिहीत होते, सकाळी आठ ते एक, पाच तास, कधी सहा, कधी साडेचार. तीन आठवड्यांचे ७५ तास झाले होते. काकूंनी ते कॅलेंडर बघितलं आणि म्हणाल्या अगं हाच तर पुरावा आहे. तिथं फेअर वर्क ओम्बड्समन म्हणून सरकारी ऑफिस आहे, १३ १३ ९४ वर फोन करायचा, इंग्लिश जमत नसेल तर दुभाषा मागता येतो, आणि मजुरीचे नियम सगळ्यांना सारखे असतात, व्हिसा कुठलाही असो. त्या ऑफिसातल्यांनी मला काय लिहायचं ते सांगितलं, मी तारीखवार तास लिहून मालकाला मेल केला, महिनाभर काही उत्तर नाही, मग परत मेल केला, शेवटी ९०० डॉलर खात्यावर आले. सगळे नाही आले, पण आले. तेव्हापासून कामाला लागायच्या आधी विचारायचे, पेस्लिप, म्हणजे पगाराची पावती, देणार का? पगार झाला की एका कामाच्या दिवसाच्या आत पेस्लिप द्यायचीच असते. जो नाही म्हणाला त्याच्याकडून मी उठले.

टॅक्सचं पण कुणी सांगत नाही. पोचल्यावर टॅक्स फाईल नंबर काढायचा, ऑनलाईन असतो, फुकट असतो, पैसे घेऊन काढून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. तो नंबर दिला नाही तर पगारातून ४५ टक्के कापतात, दिला तर आमच्या व्हिसावर ४५,००० डॉलरपर्यंत १५ टक्के, पहिल्या डॉलरपासून. शिवाय मालकानं पगाराच्या वर १२ टक्के सुपर, म्हणजे आपल्या पीएफसारखं, भरायचं असतं, देश सोडल्यावर ते मागता येतं पण आमच्या व्हिसावाल्यांचा त्यातला ६५ टक्के टॅक्स जातो, १०० जमले तर ३५ हातात येतात. एजंट मात्र त्याच्या कागदावर ते पूर्ण धरून वर्षाची बचत दाखवतो, आत्याच्या मुलाच्या कागदावर मी बघितलं. एका मालकाकडं सहा महिन्यांपेक्षा जास्त काम साधारणपणे करता येत नाही, हे पण त्या कागदावर नव्हतं. आणि दवाखाना. तिथली मेडिकेअर, म्हणजे सरकारी उपचारांची सोय, आपल्याला लागू नाही, इन्शुरन्स इथूनच काढून जायचा. डिसेंबरात मला ताप भरला, डॉक्टरनं दहा मिनिटं बघितलं, ९० डॉलर.

डिसेंबरातच मी मिल्डुराला गेले. मेलबर्नपासून साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बेळगावातून बेंगळुरूला जावं तसं. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा पाहिजे असला तर ग्रामीण भागात ३ महिने, म्हणजे ८८ दिवस, ठराविक प्रकारचं काम करावं लागतं, शेती त्यात येते. मरे नदीच्या काठावरचा हा द्राक्षांचा मुलूख. जमीन अशी सपाट की नजर कुठं अडत नाही, मला पहिले काही दिवस चुकल्यासारखं व्हायचं, येळ्ळूरला कुठूनही बघितलं तरी गड दिसतो, तिथं काहीच नाही, नुसतं आभाळ आणि माशा. ऊन ४० च्या वर. पण बागेत शिरले आणि एकदम बरं वाटलं, कारण माझ्या मामाची अथणी तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी बेदाण्याच्या शेडमध्ये काढल्यात. तिथं ज्याला सुलताना म्हणतात ती आपली थॉमसनच. मामाकडं घड तोडून पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात आणि शेडमध्ये जाळीवर १५ दिवसांच्या आसपास सावलीत वाळवतात. तिथं काही बागांत घड तोडतच नाहीत, ज्या काड्यांना घड लागलेत त्या तेवढ्या बुडाशी कापतात, घड तारेवर तसेच लटकत ठेवून वरून तेच औषध फवारतात, वेलीवरच बेदाणा होतो आणि मग मशीन येऊन झाडून घेतं. मी एक घड हातात घेतला, वरून सुरकुतलेला, आत अजून थोडा ओला, सोनेरी पिवळा, आणि वास हुबेहूब मामाच्या शेडचा. मामाला व्हिडीओ दाखवला तर तो तिकडून ओरडला, अगं काडी कुठून कापली ते दाखव, जवळ घे. अर्धा तास बोलत होतो.

तिथं मला इतकं रुळल्यासारखं वाटलं की मेलबर्नमध्ये कधी वाटलं नाही. पहाटे पाचला व्हॅन यायची, कात्री, टोपी, बाटलीत मीठ-साखर-लिंबाचं पाणी. पण तिथं पण मुकादम असतोच. ऊसतोडीच्या टोळ्या आपल्याकडं येतात, त्यांचं आणि मुकादमाचं कसं असतं ते चिकोडी-निपाणीच्या माणसाला सांगायला नको. तसाच कंत्राटदार, पेटीमागं पैसे, हॉस्टेलचं भाडं आणि व्हॅनचं भाडं पगारातून वजा. २०२२ पासून तिथं नियम आहे की पेटीच्या हिशोबानं काम असलं तरी तासाचा किमान पगार मिळालाच पाहिजे आणि पेटीचा रेट लेखी द्यायला पाहिजे. मी लेखी मागितला तर पहिल्या कंत्राटदारानं दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये घेतलं नाही. मी दुसरा बघितला. माझ्याकडं दोन महिन्यांचा खर्च खात्यावर शिल्लक होता म्हणून मला तसं उठता आलं, ज्यांच्याकडं नव्हता त्या पोरी गप बसल्या. ते ५,००० डॉलर नुसते दाखवायचे नाहीत, ते खरोखर खात्यावर पाहिजेत. एजंट चार दिवसांसाठी उसने फिरवून दाखवतात, आणि मग पोरगं तिथं रिकाम्या खिशानं उतरतं आणि जे मिळेल त्या रेटला राबतं. माझ्याबरोबरच्या ज्या दोघी परत आल्या त्यांचं हेच झालं होतं.

संपादक साहेब, आपल्या भागात काम नाही म्हणून पोरं पुण्याला, गोव्याला, बेंगळुरूला जातात, आता ऑस्ट्रेलियाला जातील, जाऊ देत, मी स्वतः ८८ दिवस भरलेत आणि परत जायचा विचार करतेय. माझी मागणी एवढीच आहे की आपल्या पेपरात जशा ॲडमिशनच्या दिवसांत माहितीची पानं येतात तसं आठवड्यातून एकदा चार कॉलम जागा यासाठी द्या, बॅलटची फी किती, बॉन्ड कुठं भरतात, पेस्लिप कशी दिसते, कार्डावर काय लिहायचं, हे साध्या मराठीत. पालकांना पण कळायला पाहिजे, कारण दीड लाख शेवटी तेच काढतात, माझ्या आत्यानं गंठण गहाण ठेवलंय. आणि शहरातल्या एखाद्या वाचनालयानं रविवारी एक हॉल दिला तर मी येते, परत आलेल्या आणखी दोघी-तिघींना पण आणते, कुणाकडून एक रुपया घेणार नाही. पेस्लिपा, बॉन्डची पावती आणि ते तासांचं कॅलेंडर मी जपून ठेवलंय, पोरांनी हातात घेऊन बघावं.

आत्याच्या मुलाला घेऊन मी सोमवारी त्या ऑफिसात ॲडव्हान्स परत मागायला जाणार आहे. काय होतं ते कळवीन.

आपली नम्र,
येळ्ळूरची एक वाचक, ता. जि. बेळगाव
(नाव आणि फोन नंबर पाकिटात वेगळ्या चिठ्ठीवर दिलाय, छापू नये ही विनंती)